बारीक लिहिण्याची किंमत



वसईजवळच्या भुईगावच्या किनाऱ्यावरून आत येणारा वारा खारा असतो. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, कुणालाच तो सोडत नाही. या खारेपणातले सोडियम १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या मुळावर आले होते. सिलिकॉनच्या चकतीवर ऑक्साइडचा पातळ थर वाढवायचा आणि त्याच्या आधाराने ट्रान्झिस्टर बनवायचा, अशी नवी पद्धत तेव्हा रुजू पाहत होती. ताजा ट्रान्झिस्टर नीट चाले. थोडा तापला, काही काळ व्होल्टेजखाली राहिला, की त्याचे वागणे बदले. एका बॅचचा माल चोख, दुसरीचा बाद, आणि कारण काही सापडेना.

१९६५ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीतल्या स्नो, ग्रोव्ह, डील आणि साह या चौघांनी दोषी पकडला. सोडियमचे आयन विजेच्या ओढीने ऑक्साइडच्या थरातून सरकत होते. ते कुठून आले? रसायनांतून, भट्टीच्या नळीतून, काम करणाऱ्याच्या घामेजल्या बोटांवरून. चौघांपैकी अँडी ग्रोव्ह पुढे इंटेलचे प्रमुख झाले. मीठ मात्र त्या दिवसापासून चिप बनवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेले, ते आजतागायत तिथेच आहे.

म्हणून नॅनो आकाराचे काम जिथे चालते, त्या खोलीची शिस्त आधी समजून घ्यावी लागते. तिला क्लीनरूम म्हणतात. जुन्या मोजणीप्रमाणे 'क्लास १००' दर्जाच्या खोलीत एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रोमीटरचे किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त चालत नाहीत. आत जाणाऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत अंगरखा चढवायचा, हातमोजे घालायचे. दिवे पिवळे, कारण आत वापरले जाणारे रसायन निळ्या आणि अतिनील प्रकाशाला भुलते, पिवळ्याला नाही. हवेतली आर्द्रता बांधून ठेवलेली. बाहेर मुंबईचा जुलै असो की मे, आत ऋतू एकच.

आता माप. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. रक्तातली तांबडी पेशी सुमारे ७,००० नॅनोमीटर रुंद असते. सिलिकॉनच्या स्फटिकाची एक पेटी ०.५४३ नॅनोमीटरची. वीस नॅनोमीटरची रेघ आखली, तर तिच्या रुंदीत अशा जेमतेम ३७ पेट्या मावतात. एवढ्या बारीक रेघा, खड्डे, खांब पृष्ठभागावर हवे तिथे उमटवण्याच्या साधनांची ही गोष्ट आहे. त्या साधनांमागे एक व्यवहारही आहे. बारीक हवे की भराभर, दोन्ही एकदम मिळत नाहीत. प्रत्येक यंत्र त्या व्यवहारात आपली बाजू निवडते आणि त्याची किंमत मोजते.

नुसत्या पृष्ठभागाच्या घडणीने केवढा फरक पडतो, हे वसईच्या वाडीतले अळू सांगते. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, थेंब होऊन घरंगळते आणि जाताना धूळ घेऊन जाते. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचे विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्तोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये या स्वच्छतेचे मर्म मांडले. कमळाच्या जोडीला अळूचे पानही त्यांच्या अभ्यासात होते. पानाच्या पेशींना सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे नॅनो आकाराचे स्फटिक. पाण्याच्या थेंबाला टेकायला जागाच थोडी मिळते, खाली हवा अडकून राहते. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात एलेना इव्हानोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडावर कर्कश ओरडणाऱ्या सिकाडा या कीटकाचे पंख तपासले. त्यांच्यावर सुमारे २०० नॅनोमीटर उंचीचे खांब दाटीने उभे असतात. त्यांच्यावर बसलेला स्युडोमोनास जिवाणू फाटून मरतो. विष नाही, औषध नाही, फक्त आकार.

निसर्गाने हे वाढवले. माणसाला ते लिहावे लागते.

लिहिण्याची रूढ रीत अशी. सिलिकॉनची गुळगुळीत चकती, म्हणजे वेफर, आधी तापवून तिच्यावरचे पाणी घालवायचे. मग तिच्यावर रेझिस्ट नावाचे पॉलिमरचे द्रावण ओतून वेफर गरगर फिरवायची. जादा द्रावण उडून जाते आणि सारख्या जाडीचा थर उरतो. त्यावर मास्कमधून प्रकाश टाकायचा. जिथे प्रकाश पडला, तिथले रेझिस्ट बदलते आणि डेव्हलपरमध्ये विरघळून जाते, किंवा उलट तेवढेच टिकते. उघड्या पडलेल्या जागी प्लाझ्माने कोरायचे, याला एचिंग म्हणतात. नाहीतर धातूचा थर चढवून उरलेले रेझिस्ट काढून टाकायचे, म्हणजे रेझिस्टवरचा धातू त्याच्याबरोबर निघून जातो आणि हवा तिथेच राहतो. प्रयोगशाळेत याला लिफ्ट-ऑफ म्हणतात. एका चिपसाठी हे चक्र कित्येक डझन वेळा फिरते.

या रीतीला लिथोग्राफी, म्हणजे दगडावरची छपाई, असेच नाव आहे. छपाईच्या या घराण्याशी मुंबईची ओळख जुनी आहे. गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. तेलकट शाई दगडावर धरते आणि ओल्या जागेवर धरत नाही, या एका गुणावर तो सगळा कारखाना उभा होता. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो मळवलीला गेला. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एकच कागद अनेक दगडांखालून जायचा आणि दर वेळी आधीच्या रंगाशी अचूक जुळावा लागायचा. दगड जरा सरकला, की लक्ष्मीची नथ गालावर यायची. आजच्या चिपमध्ये एकावर एक चढणाऱ्या थरांचा मेळ बसवणे हे तसेच कठीण काम आहे. फरक एवढाच, की अत्याधुनिक कारखान्यात चूक चालते ती दोन-तीन नॅनोमीटरच्या आतली.

प्रकाशाने लिहिण्याचा मोठा गुण म्हणजे वेग. मास्कवरचे सगळे चित्र एका झपाट्यात वेफरवर उतरते. पण प्रकाशाची स्वतःची एक जाडी असते, ती त्याची तरंगलांबी. रेघ किती बारीक येईल, हे तरंगलांबी आणि भिंगाची पकड या दोघांवर ठरते. म्हणून गेल्या पन्नास वर्षांत उद्योगाने प्रकाश बदलत नेला. आधी पाऱ्याच्या दिव्याचा ४३६ नॅनोमीटरचा, मग ३६५चा, पुढे लेसर वापरून २४८ आणि १९३चा. १९३ पाशी घोडे अडले. मग भिंग आणि वेफर यांच्यामध्ये हवेऐवजी शुद्ध पाण्याचा थर ठेवण्याची युक्ती पुढे आली. तैवानच्या टीएसएमसी कंपनीतले बर्न लिन यांनी २००२च्या सुमारास तिचा हिरिरीने पुरस्कार केला. पाण्यात तीच किरणे आखडतात आणि रेघ बारीक होते. जगातल्या कारखान्यांनी या पाण्याच्या थरावर पुढची पंधरा वर्षे काढली.

त्यापुढची उडी अचाट आहे. नेदरलँड्समधल्या फेल्डहोफेनची एएसएमएल ही कंपनी १३.५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने लिहिणारे यंत्र बनवते. हा प्रकाश दिव्यातून येत नाही. वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५०,००० या वेगाने निर्वातातून सोडतात. लेसरचा पहिला घाव थेंबाला चपटे करतो, दुसरा त्याचा प्लाझ्मा करतो आणि त्या प्लाझ्मातून हवे ते किरण निघतात. ही किरणे काच शोषून घेते, हवासुद्धा शोषून घेते. म्हणून भिंगे बाद. सगळा मार्ग निर्वातात, आणि मॉलिब्डेनम-सिलिकॉनचे थर चढवलेल्या आरशांवरून. एक आरसा सुमारे ७० टक्के प्रकाश परत देतो. दहा-अकरा परावर्तने झाली, की वेफरपर्यंत पोचतो तो मुळातला दोनेक टक्के. एवढे करूनही यंत्र तासाला शंभराहून अधिक वेफर छापते. त्याची किंमत मात्र दहा कोटी युरोंच्या बरीच पुढे जाते. बारीकही आणि भराभरही हवे असेल, तर बिल असे येते.

ज्याला एवढे पैसे नाहीत, त्याला वेग सोडावा लागतो. रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलिफोर्नियात दिलेल्या व्याख्यानात एक आव्हान टाकले होते. पुस्तकाचे पान २५,००० पट लहान करून लिहा आणि हजार डॉलर घेऊन जा. बक्षीस बराच काळ पडून राहिले. १९८५ मध्ये स्टॅनफर्डचा विद्यार्थी टॉम न्यूमन याने डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'चे पहिले पान इलेक्ट्रॉनच्या झोताने लिहून ते पटकावले. सगळे पान सुमारे सहा मायक्रोमीटरच्या चौकोनात बसले. लिहून झालेले पान नंतर सूक्ष्मदर्शकाखाली शोधणे, हीच त्याला मोठी कटकट झाली होती.

इलेक्ट्रॉन झोताला मास्क लागत नाही. संगणकात काढलेले चित्र तो रेझिस्टवर ठिपका-ठिपका करून गिरवतो आणि दहा-वीस नॅनोमीटरच्या रेघा आखतो. झोत रेझिस्टमधून खाली सिलिकॉनमध्ये घुसतो, तिथून काही इलेक्ट्रॉन उसळून परत वर येतात आणि शेजारच्या जागेलाही लावून जातात. म्हणून दाट रेघांना कमी आणि सुट्या रेघांना जास्त मात्रा देण्याचे गणित आधी मांडून ठेवावे लागते.

खरी अडचण वेळेची. एखाद्या रेझिस्टला दर चौरस सेंटिमीटरला १०० मायक्रोकूलॉम इतका विद्युतभार लागतो आणि झोताची धार एक नॅनोअँपिअरची आहे, असे धरू. एक चौरस सेंटिमीटर पूर्ण भरायला एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ तास. कारखान्यात वापरतात तशी ३०० मिलिमीटरची वेफर याच धारेने भरायची म्हटली, तर सव्वादोन वर्षे लागतील. डोनाल्ड टेनंट यांनी १९९९ मध्ये निरनिराळ्या साधनांचे आकडे एका आलेखावर मांडले. प्रकाश, इलेक्ट्रॉन, पुढे येणारे सूक्ष्म टोक, सगळ्यांचे ठिपके एकाच तिरक्या पट्ट्यात आले. त्या आलेखाचा मथितार्थ असा, की रेघ निम्मी करायची तर वेग सुमारे ३२ पटींनी घसरतो. हा निसर्गनियम नव्हे, अनुभवाचा ठोकताळा आहे. पण कुठलेही नवे यंत्र आले, की जाणकार आधी ते या पट्ट्याच्या वर बसते की खाली, हे पाहतात.

महाराष्ट्राने या व्यवहारात काय निवडले? मुंबईत दोन ठिकाणे पाहावीत. एक कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, दुसरे पवईचे आयआयटी.

कुलाब्याला मंदार देशमुख यांचा गट ग्रॅफिनसारख्या एका अणूच्या जाडीच्या पत्र्यांपासून नॅनो उपकरणे बनवतो. भौतिकशास्त्रातला २०१५चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार देशमुख यांना मिळाला. त्याआधी, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात असताना, १९९९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रेझिस्टशिवाय लिहिण्याची एक वाट दाखवली होती. सिलिकॉन नायट्राइडच्या अतिपातळ पडद्याला आधीच बारीक भोके पाडायची, तो पडदा पृष्ठभागावर धरायचा आणि वरून धातूची वाफ सोडायची. रांगोळीच्या छाप्यातून पीठ पडावे, तसा धातू भोकाभोकातून खाली बसतो. रेझिस्टही नाही, डेव्हलपरही नाही. त्यामुळे रसायनाने बिघडणाऱ्या नाजूक रेणूंवरही काम करता येते. अडचण एक: सोडलेला धातू भोकांच्या कडेलाही साचतो आणि हळूहळू भोके बुजतात. छापा मग धुवावा किंवा बदलावा लागतो.

पवईची निवड वेगळी होती. २००६ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या पैशातून आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्यात नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र उभे राहिले. क्लीनरूम, इलेक्ट्रॉन झोताचे यंत्र, थर चढवण्याच्या भट्ट्या, एचिंगची यंत्रे, हे सारे एका छताखाली आले. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट २००८ची आहे. त्या वर्षी 'इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम' सुरू झाला आणि या यंत्रांचे दार देशातल्या इतर महाविद्यालयांना, विद्यापीठांना उघडले. प्रस्ताव लिहायचा, तो मान्य झाला की प्रशिक्षण घ्यायचे आणि मग क्लीनरूममध्ये स्वतःच्या हाताने किंवा तिथल्या मदतीने नमुना बनवायचा. कार्यक्रमाच्या पुढच्या आवृत्तीत इतर आयआयटीही सामील झाल्या. ज्याच्याकडे मायक्रोमीटरची रेघ आखायचीही सोय नाही, अशा तालुक्याच्या गावातला प्राध्यापक आपला विद्यार्थी घेऊन पवईला येऊ शकतो. मंद यंत्र एकट्याला परवडत नाही. दहा जणांत वाटले, तर त्याचा मंदपणा खुपेनासा होतो, कारण संशोधकाला हजार वेफर नको असतात, चार नमुने हवे असतात.

या केंद्राच्या आसपास व्ही. रामगोपाल राव यांच्या गटाने सूक्ष्म कॅन्टिलिव्हरांवर काम केले. कॅन्टिलिव्हर म्हणजे एका टोकाला धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी पट्टी. तिची जाडी कमी ठेवली, की तिच्यावर मूठभर रेणू बसले तरी ती वाकते, आणि ते वाकणे विजेच्या मापात पकडता येते. अशा पट्ट्या एसयू-८ या रेझिस्टच्याही बनतात. इतर वेळी काम झाले की काढून टाकायचा पदार्थ इथे उपकरणाचाच भाग होतो. आयआयटीतच जन्मलेल्या नॅनोस्निफ टेक्नॉलॉजीज या कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये 'नॅनोस्निफर' हे स्फोटकांचा माग काढणारे यंत्र बाजारात आणले. पुसून घेतलेल्या नमुन्यातले स्फोटकाचे लवलेश त्यातला सूक्ष्म संवेदक काही सेकंदांत ओळखतो. एकेका संवेदकाची किंमत इथे वेगात मोजली जात नाही. विमानतळावर एक बॅग नीट तपासली गेली, एवढे पुरे.

आता तिसरी तऱ्हा, टोकाने लिहिण्याची. १९८१ मध्ये झुरिकला आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी एसटीएम, म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, बनवला. पृष्ठभागापासून नॅनोमीटरहून कमी अंतरावर धातूचे टोक धरायचे आणि मधून झिरपणारा प्रवाह मोजायचा. पृष्ठभागावरचे अणू दिसू लागले आणि १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. पाहता पाहता हलवताही आले. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात डॉन आयग्लर यांनी निकेलच्या थंडगार पृष्ठभागावर झेनॉनचे ३५ अणू एकेक करून ढकलत 'आयबीएम' ही तीन अक्षरे लिहिली. रेघेची जाडी एक अणू. यापेक्षा बारीक लिहिणे शक्य नाही, आणि यापेक्षा सावकाशही क्वचितच.

टोकाचा दुसरा उपयोग शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात झाला. १९९९ मध्ये चॅड मर्किन यांच्या गटाने 'डिप-पेन' लिथोग्राफी मांडली. अणुबल सूक्ष्मदर्शक या एसटीएमच्या भावंडाचे टोक रेणूंच्या शाईत बुडवायचे आणि सोन्याच्या पृष्ठभागावर फिरवायचे. टोक आणि सोने यांच्या सांध्यात हवेतल्या बाष्पाचा इवलासा थेंब जमतो आणि शाईचे रेणू त्यातून खाली उतरून सोन्याला धरतात. रेघ निघते ३० नॅनोमीटरची. खोलीतली आर्द्रता बदलली, की रेघेची रुंदी आणि लिहिण्याचा वेग दोन्ही बदलतात. पावसाळ्यात वसईत उघड्या खिडकीशी हा प्रयोग मांडला, तर दुपारची आणि रात्रीची रेघ सारखी येणार नाही. म्हणून हे यंत्र आर्द्रता बांधलेल्या पेटीत ठेवतात.

या कामात आयआयटी मुंबईतून शिकून गेलेले विनायक द्रविड यांचा मोठा वाटा आहे. ते नॉर्थवेस्टर्नला पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आणि तिथल्या 'न्यूआन्स' या सूक्ष्मदर्शन केंद्राचे संस्थापक संचालक. डिप-पेनची सुरुवातीची शाई म्हणजे सेंद्रिय रेणू. त्यांनी नक्षी निघे, पण टणक, टिकाऊ पदार्थ नाही. २००२ मध्ये द्रविड, मर्किन आणि सहकाऱ्यांनी टोकाला सोल, म्हणजे ऑक्साइडच्या पूर्वद्रव्याचे द्रावण, पाजले. सुकून, तापून त्याची ऑक्साइडची घन रेघ झाली. २००५ मध्ये द्रविड यांच्या गटाने दोन वेगळ्या तऱ्हांची सांगड घातली. इलेक्ट्रॉन झोताने रेझिस्टमध्ये आधी चर पाडायचे आणि मग त्यांत द्रावण भरायचे. बारकाई झोताची, पदार्थाची निवड द्रावणाची. चुंबकीय किंवा विजेला प्रतिसाद देणाऱ्या सिरॅमिकच्या नॅनो रेघा अशा आखता येऊ लागल्या.

टोक एकच असेल, तर वेग काय मिळणार? मर्किन यांच्या गटाने २००६ मध्ये ५५,००० टोके एका तुकड्यावर उभी केली. सगळी एकदम चालवून अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावरचा जेफरसनचा चेहरा ५५,००० वेळा काढला, प्रत्येक चेहरा हजारो ठिपक्यांचा. २००८ मध्ये मऊ रबरी पिरॅमिडांची लाखोंची फौज आली. टेनंट यांच्या तिरक्या पट्ट्यातून वर सरकण्याचा हा एक मार्ग: हात तेवढाच सावकाश, पण हात पुष्कळ.

चौथी तऱ्हा दाबून छापण्याची, आणि हिच्याकडे वसईकरांनी जास्त लक्ष द्यावे. वसई पूर्वेच्या वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत प्लास्टिकचे साचे आणि डाय बनवणारी, त्यांवर माल काढणारी माणसे पिढीभर काम करत आली आहेत. त्यांना ठाऊक असेल, की सीडी ही इंजेक्शन मोल्डिंगचीच वस्तू होती. निकेलच्या साच्यावर पॉलिकार्बोनेट दाबले जायचे आणि काही सेकंदांत बाहेर पडणाऱ्या चकतीवर १,६०० नॅनोमीटर अंतरावरच्या रांगांत शंभर-सव्वाशे नॅनोमीटर खोल असे अब्जावधी खड्डे उमटलेले असायचे. डीव्हीडीच्या रांगा ७४० नॅनोमीटरवर आल्या, ब्लू-रेच्या ३२०वर. घराघरांत नाट्यगीते वाजवणारी ती चकती नॅनो छपाईचा सगळ्यात स्वस्त माल होती.

१९९५ मध्ये अमेरिकेत स्टीफन चाऊ यांनी हाच मार्ग चिपच्या दिशेने वळवला. तापवून मऊ केलेल्या पॉलिमरवर टणक साचा दाबून त्यांनी २५ नॅनोमीटरचे ठसे काढले. त्याच्या दोन वर्षे आधी हार्वर्डला अमित कुमार आणि जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी सिलिकोन रबराचा शिक्का रेणूंच्या शाईत बुडवून सोन्यावर मारला होता. शिक्का स्वस्त, हातानेही मारता येणारा, वक्र पृष्ठभागावरही बसणारा. जैविक चाचण्यांच्या लहान पट्ट्या बनवणाऱ्यांनी तो उचलून धरला. ऑक्टोबर २०२३ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीने चिप कारखान्यांसाठी नॅनो ठशांचे यंत्र बाजारात आणले.

दाबून छापण्यात प्रकाशाच्या जाडीचा प्रश्नच उरत नाही. साच्यात जे आहे, तेच मालावर येते. पण साच्यातली चूकही येते. दोन पृष्ठभागांमध्ये धुळीचा एक कण अडकला, तर त्याच्याभोवतीचा कणाच्या कित्येक पट मोठा भाग टेकतच नाही. साचा झिजतो. वर थरांचा मेळ बसवायचा, तर दाबताना साचा तसूभरही सरकून चालत नाही. शिवाय पहिला साचा बनवायला पुन्हा इलेक्ट्रॉन झोताकडेच जावे लागते. तिथे तास-दिवस घालवायचे, आणि ती मेहनत पुढे हजारो ठशांवर वाटायची. पाकिटावरचे सुरक्षा होलोग्राम असेच निघतात: मूळ नक्षीवरून निकेलची पातळ पट्टी तयार करतात आणि ती रुळावर चढवून मैलोगणती प्लास्टिक दाबतात.

आणखी एक आडवाट आहे, पदार्थालाच मांडणी करू देण्याची. पॉलिस्टायरीनचे एकाच मापाचे सूक्ष्म गोळे पाण्यातून काचेवर सुकवले, की ते आपोआप षट्कोनी दाटीने बसतात. वरून चांदीची वाफ सोडली, तर गोळ्यांमधल्या फटींतून खाली चांदीचे त्रिकोण पडतात. गोळे धुवून टाकले, की त्रिकोणांची शिस्तबद्ध रांग उरते. नॉर्थवेस्टर्नचेच रिचर्ड व्हॅन डाइन यांच्या गटाने १९९५ मध्ये ही पद्धत विकसित केली. त्रिकोणांवर रेणू चिकटले, की त्यांचा रंग बदलतो आणि संवेदक तयार होतो. महागडे यंत्र लागत नाही, काही मिनिटांत मोठे क्षेत्रफळ भरते. पण नक्षी गोळे ठरवतील तीच, आणि मधेमधे एखादा गोळा गळालेला असतोच. संवेदकाला ते चालते. संगणकाच्या चिपला चालत नाही.

मग कुठली तऱ्हा चांगली? प्रश्न असा विचारला, की उत्तर हमखास चुकते. वृत्तपत्रांत 'तीन नॅनोमीटर', 'दोन नॅनोमीटर' असे मथळे येतात. ते आकडे आता पिढीची नावे झाली आहेत. चिपवर त्या मापाची एखादी रेघ असेलच असे नाही. दुसरीकडे गाड्या, वीजमीटर, फ्रिज यांतल्या बहुतेक चिप अजूनही जुन्या, जाड रेघांच्या पिढीत बनतात. टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी यांच्या गुजरातमधल्या धोलेरा येथील कारखान्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजुरी दिली, तो २८ ते ११० नॅनोमीटरच्या पिढ्यांसाठी. महिन्याला ५०,००० वेफर हे त्याचे उद्दिष्ट. कथिलाच्या थेंबांचे यंत्र तिथे लागणार नाही, पाण्याच्या थराचा जुना मार्ग पुरतो. तिथे माणसे मात्र लागतील. रेझिस्टचा थर का सोलला, एचिंगची भिंत तिरकी का आली, दोन थर का सरकले, हे रात्रपाळीत ओळखणारी माणसे.

अशी माणसे पुस्तकावर तयार होत नाहीत. वसई रोडच्या विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला पवई काही परदेश नाही. क्लीनरूमच्या प्रस्तावात 'नॅनोतंत्रज्ञानावर काम करायचे आहे' एवढे लिहून भागत नाही. सगळ्यात बारीक रेघ किती नॅनोमीटरची हवी, ती किती क्षेत्रफळावर हवी, थर किती, खालचा पदार्थ कोणता, नमुने किती, हे आकडे आधी मांडावे लागतात. पाचशे नॅनोमीटरने भागत असताना वीसचा हट्ट धरला, तर झोताच्या रांगेत महिने जातात. साच्याने होणारे काम झोताला दिले, तरी तेच. आकडे कागदावर आले, की तिथले तंत्रज्ञ त्यांवरून यंत्र सुचवतात आणि वेळ ठरवून देतात.